टेलरबाईंच्या पेशी

विषाणू-विभागात ताईंच्या हाताची कोणी चेष्टा करत नसे. बाकी सगळ्याची व्हायची. चष्म्याला बांधलेल्या दोरीची व्हायची, डब्यातल्या ठरलेल्या दोन केळ्यांची व्हायची, आणि फोनवर त्या इतक्या मोठ्यांदा बोलायच्या की पलीकडच्याला फोनशिवायही ऐकू जावं, त्याची तर व्हायचीच. पण हाताचं नाव निघालं की सगळे मान डोलवायचे. "ताईंच्या हाताला गुण आहे." विषय संपला. तेवीस वर्षांच्या असताना त्या इथे पेशी सांभाळायच्या कामाला लागल्या, आता सत्तावन्न सरत आलं होतं. या चौतीस वर्षांत साहेब किती आले नि किती गेले, पण पेशींच्या खोलीची किल्ली ताईंच्याच खिशात राहिली.

काम सांगायला सोपं होतं. विषाणू हा मोठा ऐतखाऊ प्राणी. त्याला स्वतःचं घर नाही की चूल नाही. दुसऱ्याच्या जिवंत पेशीत घुसायचं, तिचंच खायचं आणि तिच्याच जिवावर आपली प्रजा वाढवायची. त्यामुळे ज्याला विषाणूचा अभ्यास करायचा असेल, औषध तपासायचं असेल, त्याला आधी जिवंत पेशी हाताशी ठेवाव्या लागतात. साध्या पेशी बाहेर काढल्या की थोडे दिवस तग धरतात आणि थकतात. कॅन्सरच्या पेशींना मात्र थांबणं ठाऊक नसतं. चपट्या बाटलीत गुलाबी पाणी घालून, अंगाइतक्या उबेच्या कपाटात ठेवून, वेळच्या वेळी पाणी बदललं की त्या वर्षानुवर्षं वाढत राहतात.

विभागाच्या अशा पेशींना कागदोपत्री एक आकडा होता, पण तो कोणी उच्चारत नसे. सगळे त्यांना 'टेलरबाई' म्हणायचे. "टेलरबाईंना जेवायला घातलं का?" म्हणजे पाणी बदललं का. "टेलरबाईंना आज घर पुरत नाहीये," म्हणजे बाटली भरली, आता दोन करा.

त्या पेशी खरोखरच एका टेलरबाईंच्या होत्या. पस्तीस वर्षांपूर्वी त्या नाक्यावरच्या दुकानात कोट आणि मुलींचे झगे शिवायच्या. फुफ्फुसात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी सर्जननं विचारलं, "गाठीतला एक तुकडा आम्ही प्रयोगासाठी ठेवला तर चालेल का?" बाई म्हणाल्या, "घ्या की. तसंही मला ती नकोच आहे!" चार महिन्यांनी त्या गेल्या. वय अडतीस. मागे कुलपं-किल्ल्या करणारा नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी.

तुकडा आला मास्तरांच्या हातात. मास्तर म्हणजे ताईंच्या आधी पेशी सांभाळणारे गृहस्थ. पुढे ताईंना त्यांनीच शिकवलं, म्हणून मास्तर. त्यांनी त्या पेशी जगवल्या, पण काय तो त्यांचा वेग! एक बाटली भरायला तीन आठवडे. "कासवसुद्धा यांना ओलांडून जाईल," असं मास्तर म्हणायचे. पाठोपाठ ताई आल्या, आणि त्यांच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मंगळवारी चमत्कार झाला. ताईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर चार दिवसांपूर्वी जेमतेम पाव भरलेली बाटली काठोकाठ भरलेली. मास्तरांनी तीनतीनदा पाहिलं आणि ताईंच्या पाठीवर थाप मारली. "पोरी, तुझ्या हाताला गुण आहे गं!" त्याच महिन्यात ताई नोकरीत कायम झाल्या.

मग काय, टेलरबाईंचं नाव झालं. कुठला विषाणू द्या, तीन दिवसांत वाढवून दाखवणार. बावीस प्रयोगशाळांनी त्या पेशी मागून नेल्या. या चमत्काराच्या वर्षभर आधी कुलूपवाले काका, म्हणजे टेलरबाईंचे यजमान, मुलीला बोटाला धरून पहिल्यांदा विभागात आले, तेव्हा ताईंनी दोघांना सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. मुलगी बराच वेळ डोळा लावून राहिली आणि म्हणाली, "तुम्ही आमच्या आईला सांभाळता ना? मग तुम्ही माझ्या मावशी." ती मुलगी आता चव्वेचाळीस वर्षांची होती, शहरात बस चालवत होती, आणि अजून ताईंना मावशीच म्हणत होती. वर्षा-दोन वर्षांतून बापलेक एक चक्कर टाकायचे. काका टोपी हातात घेऊन उबेच्या कपाटासमोर दोन मिनिटं उभे राहायचे आणि जाताना नेहमी तेच विचारायचे, "ठीक आहे ना ती?"

"ठणठणीत आहे," ताई सांगायच्या. आणि त्या दिवशी घरी जाताना त्यांची चाल वेगळीच असायची.

तर असं सगळं छान चाललेलं असताना साहेबांनी एक निबंध छापायला पाठवला. साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख. एके काळी विद्यार्थी म्हणून आले, तेव्हा नळीनं पाणी ओढायचं कसं हेसुद्धा ताईंनीच त्यांना शिकवलं होतं. चारचौघांत ताई त्यांना 'साहेब' म्हणायच्या, एकटे असले की 'अरे'. निबंध छापणाऱ्यांनी कळवलं की हल्ली आम्ही पेशींच्या ओळखीचा दाखला मागतो. पेशी ज्या माणसाच्या म्हणता त्याच्याच आहेत, हे तपासून पाठवा.

"पाठवा की," ताई म्हणाल्या. "सोन्याला कसोटीची भीती कशाला?" त्यांनी स्वतःच्या हातानं नमुना भरला, डब्यावर ठसठशीत अक्षरात आकडा लिहिला आणि तपासणीला पाठवून दिला.

दहा दिवसांनी दाखला आला. ताईंनी तो उभ्याउभ्या वाचायला घेतला आणि वाचता वाचता स्टूल ओढून खाली बसल्या. बाकीचे आकडे त्यांना लगेच कळले नाहीत, पण एक ओळ लख्ख कळली. लिंग: पुरुष.

"नमुन्यांची अदलाबदल झाली असेल," साहेब म्हणाले.

"मी भरलेल्या नमुन्याची?" ताई म्हणाल्या. पण त्यांनी दुसरा नमुना पाठवला. मग तिसरा, वेगळ्या बाटलीतला. तिन्ही दाखले सारखेच. बाईच्या पेशी बाप्याच्या कशा होतील? वर तपासणीवाल्यांनी मदत म्हणून कळवलं होतं की हे सगळे आकडे एका दुसऱ्याच, फार जुन्या आणि फार जोमानं वाढणाऱ्या पेशींशी तंतोतंत जुळतात. त्या पेशी कधी काळी ताईंच्याही विभागात होत्या, शेजारच्या खोलीत.

मग ताईंनी एक काम केलं, जे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दर वर्षी पेशींच्या काही कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवायचा विभागाचा शिरस्ता होता. ताईंनी एकेक वर्ष मागे जात कुप्या तपासायला पाठवल्या. गेल्या वर्षीची: पुरुष. दहा वर्षांपूर्वीची: पुरुष. वीस, पंचवीस, तीस. प्रत्येक दाखल्यागणिक ताई वर्षं मागं जात राहिल्या, आणि शेवटी उरलं त्यांच्या नोकरीचं दुसरं वर्ष.

त्या वर्षाची वही कपाटाच्या तळाशी होती. दुपारी जेवायच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर ताईंनी ती उघडली. अक्षर त्यांचंच, तेव्हाचं गोलगोल. शुक्रवार: "सकाळी शेजारच्या खोलीतल्या पेशींना पाणी दिलं, मग टेलरबाईंना. गुलाबी पाण्याची नवी बाटली उघडली, तीच दोघांना वापरली." आणि मंगळवार: "टेलरबाई भरून वाहताहेत!!! मास्तर खूश."

तीन उद्गारचिन्हं होती.

ताईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एकच बाटली, आधी त्यांना, मग यांना. नळीच्या टोकावरून एखादा थेंब त्या बाटलीत गेला असेल. त्या थेंबात चार हजार पेशी असतील नाहीतर चाळीस हजार. मंगळवारी बाटली भरली ती त्यांनी, आणि पुढल्या महिना-दोन महिन्यांत त्यांनी टेलरबाईंच्या संथ पेशींना पार बाजूला सारलं. कावळीनं कोकिळेचं पिल्लू वाढवावं तसं ताईंनी ते परकं पिल्लू चौतीस वर्षांतली बत्तीस वर्षं जिवापाड वाढवलं होतं. आणि हाताला गुण आहे असं ज्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं गेलं, तो त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या चुकीचा दिवस होता.

त्या दिवशी केळी डब्यातच राहिली.

साहेबांनी वही पाहिली आणि उठून दार लावून घेतलं. "ताई, हे पाहा, त्या काळात असं पुष्कळ ठिकाणी झालंय. नियमच नव्हते असले. आणि काम काही खोटं नाही आपलं. विषाणू वाढले ते वाढलेच. औषधं तपासली ती नीटच तपासली. फक्त नाव चुकलं."

"नाव चुकलं म्हणजे फक्त चुकलं होय रे?"

"तसं नाही. आपण कळवू. सगळ्यांना कळवू. पण लिहू की, 'अज्ञात कारणानं सरमिसळ झाली'. तारीख कशाला? वही कशाला? तुमची दोन वर्षं उरलीत, ताई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ उघडून पाहिली मी," ताई म्हणाल्या. "आत दुसऱ्याचाच ऐवज निघाला. आता ती झाकून कोणाला फसवू? आणि तारीख कशाला म्हणतोस? ज्यांनी आपल्याकडून पेशी नेल्या त्यांना कळायला नको, कुठल्या दिवसानंतरच्या खोट्या ते? कारण अज्ञात नाहीये. कारण इथे स्टुलावर बसलंय."

साहेबांनी वही मिटून ताईंच्या हातात दिली. मग म्हणाले, "तुम्ही मला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं, आठवतं? एका पेशीची बाटली दुसरीला लावायची नाही. मेलो तरी नाही. मला वाटायचं, ही बाई इतकी का ओरडते!"

"ते मी मास्तरांकडून शिकले. बहुतेक त्या शुक्रवारनंतर," ताई म्हणाल्या, आणि दोघांनाही नको तिथे हसू आलं.

पत्रं नंतर. आधी काका. ताईंनी साहेबांना बरोबर येऊ दिलं नाही.

काकांचं दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबावं एवढं. भिंतभर किल्ल्या टांगलेल्या, टेबलावर पितळेचा कीस. पंच्याहत्तरीतही काका कानस चालवत होते. मुलगी कामाची पाळी संपवून, बसचा गणवेश न बदलताच डबा द्यायला आली होती. ताईंना पाहून दोघांचे चेहरे उजळले, आणि ताईंना वाटलं की आल्या पावली मागं फिरावं.

पण त्यांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, शुक्रवार ते मंगळवार, सगळं. काकांची कानस थांबली नाही. फक्त तिचा आवाज हळू होत गेला.

"म्हणजे मी लहानपणी डोळा लावून पाहिलं ते?" मुलीनं विचारलं.

"तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. तेव्हा ती तुझी आईच होती. त्यानंतर वर्षभरानं हे झालं."

"आणि नंतर? इतकी वर्षं बाबा टोपी काढून उभे राहायचे, ते कोणासमोर? कोणा परक्या बाप्यासमोर?" तिचा आवाज चढला. "मावशी, तुम्हाला काहीच कसं कळलं नाही? इतका वेग वाढला, तुम्हाला शंका आली नाही?"

"नाही आली," ताई म्हणाल्या. "कौतुक इतकं गोड लागलं की शंका यायला जागाच उरली नाही. हेच खरं."

काकांनी कानस खाली ठेवली. किल्लीवरचा कीस फुंकला. आणि एवढंच विचारलं, "मग ती कुठे आहे?"

हा प्रश्न येईल असं ताईंना वाटलं नव्हतं. "टाकीच्या तळाशी मास्तरांच्या हातच्या चार कुप्या आहेत, काका. मी यायच्या आधी गोठवलेल्या. त्यांना अजून हात लावलेला नाही. त्या जगतील की नाही सांगता येत नाही. पस्तीस वर्षं झाली."

"ती घाईत कधीच नव्हती," काका म्हणाले. "एक कोट शिवायला इतरांना आठवडा लागायचा, हिला महिना. गिऱ्हाईक ओरडायचं. ही म्हणायची, घाई असेल तर पुढच्या दुकानात जा. आणि एक टाका जरी चुकला ना, तरी सगळी शिवण उसवायची." मग त्यांनी ताईंकडे पाहिलं. "तुमच्या त्या पेशी चार दिवसांत बाटली भरतात असं तुम्ही सांगायचात, तेव्हा मला वाटायचं, मेल्यावर बाईचा स्वभाव पालटला की काय!"

मुलगी डोळे पुसता पुसता फिसकन हसली.

ताई निघाल्या तेव्हा काका दुकानाच्या पायरीपर्यंत आले. "तो जो कोण माणूस आहे," ते म्हणाले, "ज्याच्या पेशी इतकी वर्षं आमच्या हिच्या नावावर राबल्या. त्याच्याही घरी कोणी असेल ना? त्यांना सांगितलं का कोणी?"

"तो कोण होता ते कोणालाच ठाऊक नाही, काका. नुसता एक आकडा आहे."

"मग तो आकडा तरी नीट लिहा. काम त्यानं केलंय."

बावीस पत्रं गेली. त्यात तारीख होती, वहीच्या पानाची नक्कल होती, ज्या पेशींनी खरं काम केलं त्यांचा आकडा ठळक अक्षरात होता, आणि खाली साहेबांच्या सहीशेजारी ताईंची सही होती. उत्तरं यायची तशी आली. एकानं लिहिलं, आमची सहा वर्षांची मेहनत पुन्हा तपासावी लागेल, याला जबाबदार कोण? ताईंनी त्याला स्वतः फोन केला आणि त्यांच्या त्या प्रसिद्ध आवाजात सांगितलं, "मी." पलीकडचा गडी इतका चपापला की शेवटी त्यानंच तब्येतीची चौकशी केली.

आता कुप्या.

पहिली कुपी ताईंनी नेहमीच्या सवयीनं उघडली. झटकन वितळवली, धुतली, गरगर फिरवून पेशी तळाशी बसवल्या, ताज्या गुलाबी पाण्यात सोडल्या. चौथ्या दिवशी बाटलीत नुसता गाळ. दुसरी कुपी अधिक काळजीनं, तरी तेच. आठव्या दिवशी ताईंनी ती बाटली टाकून दिली आणि हात धुताना आपल्याच हातांकडे बघत राहिल्या. गुण म्हणे!

दोन कुप्या उरल्या. साहेब म्हणाले, "एक तरी राखून ठेवू."

ताईंनी त्या आठवड्यात कुपीला हातच लावला नाही. त्यांनी मास्तरांची जुनी वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचली. आणि वाचता वाचता त्यांना कळलं, आपण नेमकं काय करतोय. बत्तीस वर्षं ज्या पेशी हाताळल्या त्यांना मारझोड चालायची. धुवा, आपटा, उपाशी ठेवा, त्या वाढणारच. हात घडले होते ते त्या रांगड्या पेशींवर. मास्तरांच्या वहीत सगळंच निराळं होतं. "धुऊ नये. दचकतात." "लहान बाटलीत दाटीनं ठेवावं. एकटं आवडत नाही." "सगळं पाणी एकदम बदलू नये. निम्मं जुनं राहू द्यावं, नाहीतर बावचळतात." आणि एका पानावर नुसतंच: "आज काही केलं नाही. बरं वाटलं त्यांना."

सत्तावन्नाव्या वर्षी ताई पुन्हा उमेदवार झाल्या.

तिसरी कुपी त्यांनी करंगळीएवढ्या बाटलीत सोडली आणि ती उबेच्या कपाटात अगदी मागं ठेवली, म्हणजे दार उघडलं तरी गार हवा लागायला नको. तिच्यासाठी वेगळं कपाट, वेगळं पाणी, वेगळ्या नळ्या. खोलीत दुसरी कुठलीच पेशी नाही. पाच दिवस बाटली हलवलीसुद्धा नाही. सहाव्या दिवशी डोळा लावला. बहुतेक पेशी तरंगत होत्या, मेलेल्या. पण तळाला एका कोपऱ्यात सात पेशी चिकटून बसल्या होत्या. सातच. ताईंनी पुन्हा मोजल्या.

"वाढताहेत?" साहेबांनी विचारलं.

"बसल्यात," ताई म्हणाल्या. "बसू दे त्यांना."

दोन आठवड्यांनी साताच्या वीस झाल्या. महिन्यानं एक चिमुकलं बेट. अडीच महिन्यांनी ती करंगळीएवढी बाटली भरली. ती भरली तेव्हा ताईंनी कोणाला सांगितलं नाही. आधी नमुना काढला, डब्यावर आकडा लिहिला, आणि काकांच्या मुलीला फोन केला. आईचा निम्मा वारसा मुलीत असतो. ती आली, गणवेशातच, आणि ताईंनी तिच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. मुलगी त्या दिवसापासून जरा फटकूनच होती. काडी डब्यात गेल्यावर म्हणाली, "आणि या वेळी पण नाही जुळलं तर?"

"तर तेसुद्धा मी दुकानात येऊन सांगेन."

दाखला आला तेव्हा ताईंनी तो उघडलाच नाही. मुलीला बोलावलं आणि पाकीट तिच्याच हातात दिलं. तिनं वाचलं, तिला काही कळेना, तिनं कागद साहेबांच्या हाती दिला. साहेबांनी बोट फिरवत एकेक खूण पाहिली. सोळाच्या सोळा जागी निम्मं निम्मं जुळत होतं. लिंग: स्त्री.

"तुझी आई आहे," साहेब म्हणाले.

मुलगी ताईंच्या गळ्यात पडली. "मावशी," एवढंच म्हणाली. ताईंना तेवढं पुरलं.

खरं तर गोष्ट इथे संपली असती तरी ताईंची तक्रार नव्हती. हिशेब चुकता झाला होता. एवढ्या संथ पेशी आता कोण वापरणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण विभागात एक जुनं दुखणं होतं. दर साल काही लहान मुलांना फार चिवट खोकला व्हायचा, इस्पितळातून नमुने यायचे आणि त्यांतून हाती काहीच लागायचं नाही. त्या रांगड्या पेशींवर नमुना टाकला की पाचव्या दिवसापर्यंत त्या स्वतःच इतक्या वाढायच्या की एकमेकींना ढकलून सालपटासारख्या सुटून यायच्या. आत विषाणू असलाच तरी त्याला बिचाऱ्याला हातपाय पसरायला सवडच मिळायची नाही.

ताईच म्हणाल्या, "या बाईंवर टाकून बघू या का? या तीन आठवडे जागच्या हलत नाहीत."

टाकला. एक आठवडा काही नाही. दहावा दिवस, काही नाही. साहेबांनी आशा सोडली आणि ते दुसऱ्या कामाला लागले. तेराव्या दिवशी सकाळी ताईंनी डोळा लावला. पेशींच्या सपाट फरशीत एका जागी चार-पाच पेशी एकमेकींत विरघळून मोठ्या झाल्या होत्या, कडा सुटल्या होत्या. विषाणू शिरल्याची खूण. शेजारच्या, काही न टाकलेल्या बाटलीत मात्र सगळं जिथल्या तिथे. ताईंनी दुसऱ्या मुलाच्या नमुन्याची बाटली पाहिली. तिथेही तेच. तिसरीतही.

या वेळी त्या खूश होऊन ओरडल्या नाहीत. मंगळवारची आठवण पक्की होती. त्यांनी शांतपणे वहीत वेळ लिहिली, पेशी ओळखीच्या तपासणीला पाठवल्या, नमुने पुन्हा पहिल्यापासून टाकले आणि पुन्हा तेरा दिवस थांबल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं, दाखलाही चोख आला, तेव्हा कुठे त्यांनी दारातून हाक मारली, "साहेब! या इकडे. आणि सावकाश या, घाई नाही."

पुढे सहा महिन्यांनी प्रयोगशाळांची एक मोठी सभा भरली. साहेबांनी भाषणाला ताईंनाच उभं केलं. ताई कधी व्यासपीठावर चढल्या नव्हत्या. ध्वनिक्षेपक त्यांना लागलाच नाही. त्यांनी सुरुवात केली ती चुकीपासून. पडद्यावर वहीचं पान दाखवलं, तीन उद्गारचिन्हांसकट. सभेत हशा पिकला, मग हळूहळू सगळे गप्प होऊन ऐकू लागले. पहिल्या रांगेत काका आणि त्यांची मुलगी बसले होते. भाषण संपल्यावर एक तरुण बाई उठली आणि म्हणाली, "तुमचं पत्र आलं तेव्हा आम्ही घाबरून आमच्या सगळ्या पेशी तपासल्या. दोन खोट्या निघाल्या. त्या तुमच्याकडून नेलेल्या नव्हत्या. आमच्याच." मग दुसऱ्या कोणी हात वर केला, मग तिसऱ्यानं. काकांनी मागे वळून ते सगळे वर झालेले हात पाहिले आणि मुलीच्या कानात म्हणाले, "बघ. सगळी शिवण उसवायला निघाले."

सभेहून परतल्यावर पहिलं मागणीपत्र आलं. चिवट खोकल्यावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेला टेलरबाईंच्या खऱ्या पेशी हव्या होत्या. ताईंनी कुपी बर्फाच्या डब्यात बसवली आणि सोबतचा छापील कागद भरायला घेतला. पेशी कोणाच्या: "एका कुशल टेलरबाईंच्या, त्यांच्या संमतीनं." कोणी वाढवल्या: आधी मास्तरांचं नाव, मग स्वतःचं. वाढीचा वेग: "सावकाश. घाई केल्यास मरतात. घाई असेल तर दुसऱ्या पेशी मागवाव्यात." पूर्वी झालेल्या चुका, या रकान्यात बहुतेक लोक रेघ मारतात. ताईंनी तिथे तो शुक्रवार तारखेसकट लिहिला, पुढे "हातून: माझ्या" असं लिहिलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि चांगली लफ्फेदार सही ठोकली.